हलक्या यानाचं ओझं

अंतराळयुद्धाच्या कथांमध्ये एक वाहन ठरलेलं असतं. एकट्याचं, चपळ, अणकुचीदार नाकाचं लढाऊ यान. शत्रूचं जहाज शहराएवढं अवजड, आणि आपल्या बाजूचा पोरगा या चिमुकल्या यानात बसून त्याच्या बेचक्यांतून सुर्रकन निघतो, नेमक्या जागी एक गोळा टाकतो, की शहराएवढं जहाज फुटतं. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला तेव्हापासून हे चित्र जगभरच्या मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. मराठी मुलं त्याला अपवाद नाहीत, आणि ती मुलं आता लिहू लागली आहेत. मराठी विज्ञानकथा मागं राहिली, तिच्यात अंतराळयुद्ध नाही, लढाऊ यानं नाहीत, नुसते प्राध्यापक आणि प्रयोगशाळा आहेत, अशी तक्रार साहित्याच्या गप्पांत हल्ली नेहमी कानावर येते. तिच्यावर उपाय म्हणून जे लिहिलं जातं त्यात पहिल्याच पानावर तेच यान उतरतं. नाव तेवढं ‘गरुड’ किंवा ‘वज्र’.

माझं म्हणणं असं की हे यान मराठीत आणू नये. निदान आहे तसं आणू नये. अंतराळयुद्धाला माझी हरकत नाही. युद्धाच्या गोष्टींवाचून कुठलीच भाषा जगलेली नाही. हरकत आहे ती त्या यानाच्या हलकेपणाला. ते खोटं आहे, आणि ज्या रीतीनं ते खोटं आहे ती रीत निरुपद्रवी नाही.

‘हलकं’ हा आपल्याकडे मोठा बोलका शब्द आहे. वजनाला हलकं, पचायला हलकं; मग हलक्या प्रतीचं, हलकी कामं, हलक्या जातीची माणसं. ज्याच्या अंगावर ओझं नाही तोही हलका, आणि ज्याच्या अंगावर सगळ्या गावाचं ओझं तोही हलकाच. या कथांमधलं यान पहिल्या अर्थानं हलकं असतं, कारण दुसऱ्या अर्थाची माणसं गोष्ट सुरू होण्याआधीच त्यातून खाली उतरवलेली असतात.

भौतिकशास्त्र आधी उरकून घेऊ, तिथं वादाला जागा कमी आहे. विमान वळतं ते हवेवर रेलून. पंख कलंडतात, हवा रेटते, विमान कड घेतं. अंतराळात रेलायला काहीच नाही. पृथ्वीजवळच्या कक्षेत यान सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेगानं फिरत असतं. तिथं त्याला काटकोनात वळायचं असेल तर जुन्या दिशेचा वेग मारायचा आणि नव्या दिशेचा कमवायचा. दोन्ही एकदम साधलं तरी वेगात सेकंदाला ११ किलोमीटरचा बदल करावा लागतो. जमिनीवरून त्या कक्षेत पोचायलाही एवढा लागत नाही. हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे आजचं उत्तमातलं रासायनिक इंधन वापरलं, तर एक टन वजनाच्या यानाला या एका वळणासाठी सुमारे साडेदहा टन इंधन जाळावं लागेल. लागोपाठ तीन वळणं घ्यायची, तर दीड हजार टनांच्या पुढं. हिशेब त्सिओल्कोव्हस्कीच्या समीकरणाचा आहे, १९०३ साली छापलेला. पडद्यावरचं यान अशी तीन वळणं एका श्वासात घेतं आणि पुन्हा सरळ होताना एक विनोदही करतं.

पुढच्या काळातलं इंजिन वेगळं असेल, असं यावर म्हणतात. असू दे. ‘स्टार वॉर्स’मधल्या साम्राज्याच्या यानाचं नावच ‘टाय’, म्हणजे दोन आयन इंजिनांचं. आयन इंजिन ही कल्पना नाही, ते आज चालतं. २००७ साली निघालेलं नासाचं ‘डॉन’ यान त्याच्याच जोरावर आधी व्हेस्टापर्यंत आणि मग सिरीसपर्यंत गेलं. त्या इंजिनाचा जोर किती? तळहातावर ठेवलेल्या एका कागदाच्या वजनाएवढा. महिनोन्‌महिने चिकाटीनं ढकलत राहायचं, ही त्याची ताकद. तशा इंजिनाची गोष्ट लिहावी असं मला फार वाटतं. पण तिच्यात कोणी कोणाचा पाठलाग करणार नाही.

मग ही यानं अशी उडतात तरी का? कारण ती यानं नाहीतच. ‘स्टार वॉर्स’ जुळवताना जॉर्ज लुकासनं दुसऱ्या महायुद्धावरच्या जुन्या चित्रपटांतले विमानयुद्धाचे तुकडे एकापुढं एक जोडले होते, आणि अंतराळातली झुंज त्या तुकड्यांच्या नमुन्यावर बेतली. आपण पाहतो ती १९४० च्या दशकातली विमानं, मागचं आकाश काळं केलेलं. यात लपवाछपवी काही नाही, दिग्दर्शकानं ते मोकळेपणानं सांगितलं आहे. पण विमानं उचलताना त्यांच्यामागचा इतिहास तिथंच राहिला. इथून पुढं माझी तक्रार भौतिकशास्त्राची राहत नाही.

खऱ्या युद्धात हलकं लढाऊ विमान कोण बांधतं? ज्याच्याकडे इंधन कमी, धातू कमी, ताकदीचं इंजिन नाही आणि घाई फार, तो. जपानचं ‘झीरो’ घ्या. १९३९ साली ते पहिल्यांदा उडालं तेव्हा त्याच्याइतकं लांब पल्ल्याचं आणि चपळ लढाऊ विमान शोधून सापडलं नसतं. ते तसं झालं कारण वैमानिकाच्या पाठीमागचं चिलखत काढलं होतं, आणि गोळी लागली तर भोक आपोआप बुजणाऱ्या इंधनाच्या टाक्याही घातल्या नव्हत्या. वजन वाचलं ते वैमानिकाच्या जिवातून. आणखी एक गोष्ट मला विसरता येत नाही. नागोयाच्या कारखान्यातून हे विमान सुटं करून विमानतळावर न्यायचे ते बैलगाडीवर लादून. रस्ते खराब, ट्रकच्या हादऱ्यांनी नाजूक भागांना इजा होईल, म्हणून रात्रीतून बैल जोडायचे. त्या काळातलं सर्वांत आधुनिक विमान बैलांच्या चालीनं धावपट्टीवर पोचत होतं. एवढं मोठं दृश्य हातात असताना एकाही अंतराळकथेला ते घ्यावंसं वाटलं नाही.

जर्मनीची गोष्ट याहून काळी आहे. १९४४ च्या सप्टेंबरात तिथं ‘लोकांचं लढाऊ विमान’ मागवण्यात आलं. हलकं, स्वस्त, बरंचसं लाकडाचं, आणि ग्लायडर चालवायला शिकलेली कोवळी पोरं त्यात बसवता येतील असं. डिसेंबरात ते उडालंसुद्धा. चारच दिवसांनी दाखवण्यासाठी उडवलेलं विमान कोसळलं, कारण लाकूड जोडणाऱ्या गोंदानं दगा दिला. त्यात वैमानिक गेला. ही विमानं जिथं बांधली गेली त्यांतली एक जागा म्हणजे व्हिएन्नाजवळची जिप्समची जुनी खाण. जमिनीखाली, छळछावणीतल्या कैद्यांच्या हातांनी. हलकं, स्वस्त, चपळ आणि कोवळा मुलगा आत: अंतराळकथेच्या नायकाचं यान नेमकं याच वर्णनाचं असतं. फरक एवढाच की कथेत गोंद सुटत नाही आणि खाण दिसत नाही.

‘टाय’च्या बाबतीत त्या कथेनंच एक खरं सांगून टाकलं आहे. त्या यानाला संरक्षक कवच नाही, लांब पल्ल्याचं इंजिन नाही, आत श्वास घ्यायला हवासुद्धा नाही. वैमानिक आपली हवा अंगावर घेऊन बसतो. साम्राज्याला वैमानिक स्वस्त पडतो, हा त्याचा अर्थ. पण हे कळतं कुठं, तर खेळण्यांच्या आणि खेळांच्या माहितीपुस्तकांत. पडद्यावर ते यान फुटतं तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवतात, मीही वाजवल्या आहेत.

हलक्या विमानातलं शौर्य खोटं असतं, असं मी म्हणत नाही. आपल्या हवाईदलाचं ‘नॅट’ म्हणजे शब्दशः चिलट, आणि १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर निर्मलजितसिंग सेखों त्या चिलटातूनच लढले. हवाईदलाला मिळालेलं ते एकमेव परमवीरचक्र. पण नॅट बंगळुरूच्या कारखान्यात बांधलं जात होतं, मिग-२१ नाशिकजवळ ओझरला. तिथल्या पाळ्या, तिथले फिटर, सुट्या भागांची टंचाई, अपघातानंतरच्या चौकशा, हे सगळं त्या शौर्याच्या खाली उभं होतं. मिग-२१ ला २६ सप्टेंबर २०२५ रोजी निरोप दिला गेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी वैमानिकांच्या आठवणी पानंच्या पानं छापल्या, आणि ते योग्यच झालं. ओझरच्या रिव्हेट मारणाऱ्यांच्या आठवणी मात्र मला कुठं वाचायला मिळाल्या नाहीत. आपल्या कल्पनाशक्तीला कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, त्याचा हा साधा पुरावा.

मी हे भिलाईतून लिहितो आहे, म्हणून ओझ्याबद्दल थोडा जास्त बोलणार. हे गाव ओझ्यावरच उभं आहे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि तेव्हापासून दल्ली-राजहऱ्याचं खनिज इथं येऊन वितळतं आहे. इथल्या रेल मिलमधून निघणारा जोडरूळ २६० मीटर लांब असतो. मीटरला ६० किलो धरलं तर एकेका रुळाचं वजन साडेपंधरा टन भरतं. नौदलाच्या ‘विक्रांत’ला जे पोलाद लागलं त्याचा मोठा वाटा इथल्या प्लेट मिलचा. त्या ‘विक्रांत’चाच हिशेब पाहा: सुमारे तीस विमानं आणि हेलिकॉप्टरं उडावीत म्हणून जहाजावर सोळाशे माणसं. स्वयंपाकी, इंजिनवाले, दोरखंडवाले, दारूगोळ्याचे कारकून, डॉक्टर. उड्डाण करणारे मूठभर. शिवाय जहाजाखालचं पोलाद ज्यांनी ओतलं ते इथं, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आणि त्या पोलादासाठी खनिज ज्यांनी फोडलं ते आणखी आत. ९ ऑक्टोबर २०१८ ला इथल्या कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीत स्फोट होऊन दहाहून अधिक माणसं भाजून मेली. युद्ध चालू नव्हतं. तो मंगळवार होता.

अशा गावात बसून तुम्ही ‘वज्र’ नावाचं यान पहिल्या पानावर उतरवता, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो त्याच्या पत्र्याचा. तो कुठल्या मिलचा, कुठल्या पाळीत लाटलेला, आणि त्या पाळीचा ओव्हरटाइम मिळाला की नाही.

यावर एक उत्तर हमखास येतं, आणि ते टाळण्याजोगं नाही. विज्ञानकथा म्हणजे कारखान्याचा अहवाल नव्हे. वाचकाला झेप हवी असते, कल्पनेला हिशेब विचारू नये, पुराणांतली विमानं कुठल्या मिलमधून आली होती? बरं, पुराणांकडेच जाऊ. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी पंडवानी जगभर नेली. त्या याच पोलाद कारखान्यात नोकरीला होत्या. उभं राहून गायची त्यांची कापालिक शैली. हातातला तंबुरा क्षणात गदा होतो, क्षणात धनुष्य, क्षणात रथ. याहून हलकं लढाऊ वाहन जगात कोणी बनवलं नसेल: एक लाकूड, दोन-चार तारा. पण त्या तंबुऱ्याचा रथ होतो तेव्हा गोष्टीतला रथ हलका होत नाही. कर्णाचं चाक जमिनीत रुततं. अठरा दिवसांच्या युद्धाचा मोठा निकाल कशावर लागतो, तर चिखलात गेलेल्या एका चाकावर आणि ते उचलायला खाली उतरलेल्या माणसावर. वर सारथी म्हणून बसलेला शल्य मनानं त्याच्या बाजूचाच नाही.

आणि द्रोणपर्वातला तो चौदावा दिवस. सूर्यास्ताच्या आत जयद्रथ मारायचा आहे, वेळ निसटते आहे, आणि अर्जुनाचे घोडे थकले आहेत, बाणांनी जखमी आहेत. महाभारतकार काय करतो? युद्ध थांबवतो. अर्जुन रथाखाली उतरून एकटा फौज अडवतो, जमिनीत बाण मारून पाणी काढतो, आणि कृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगातले बाण उपसतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, मग पुन्हा जुंपतो. ज्याला आपण देव म्हणतो तो भर रणात घोड्यांचा खरारा करतो आहे. बाण मारून तळं काढणं ही विज्ञानकथेच्या तोडीची झेप, आणि ती घेतली कशासाठी, तर तहानलेल्या जनावरांसाठी. कल्पनेला हिशेब विचारू नये म्हणणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा. आपल्या सर्वांत मोठ्या युद्धकथेनं इंधन, दुरुस्ती आणि चालक यांना पडद्याआड टाकलं नव्हतं. पडद्याआड टाकायला आपण चित्रपटगृहात शिकलो.

खास मराठी पुरावा हवा असेल तर शिवाजी महाराजांचं चिपळूणकडच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र आहे. हलक्या, वेगवान घोडदळाबद्दल आपल्याला केवढा अभिमान! रास्तच आहे. पण त्या घोडदळाच्या मालकाला चिंता कशाची आहे ते पाहा. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आत्ताच उधळाल तर पुढं घोडे उपाशी मरतील, आणि ते तुम्हीच मारले असं होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, आणि त्याला मोगल बरे वाटू लागतील. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जातील. उंदीर! शत्रूच्या तोफांचं काय, हा माणूस उंदरावर लिहितो आहे. घोडदळाचा वेग चिपळूणच्या गवताच्या गंजीत साठवलेला असतो आणि गवत कुणब्याच्या शेतातून येतं, हे त्याला पाठ होतं. सतराव्या शतकातल्या या मराठी पत्रात अंतराळयुद्धाची जेवढी सामग्री आहे तेवढी कुठल्याही लेझरच्या चकमकीत नाही.

त्यामुळं मराठी विज्ञानकथेकडे युद्ध नाही, ही तक्रारच मला अर्धवट वाचनाची वाटते. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये युद्ध आहे. तिथं सगळा इतिहास फिरतो तो विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेल्या एका गोळीवर. यान नाही, लेझर नाही. एक गोळी लागली की चुकली एवढंच, आणि त्या ‘एवढंच’वर एक अख्खा वेगळा हिंदुस्थान. ती गोष्ट घोडदळाची नाही, गवताचीही नाही, हे खरं, प्राध्यापकाचीच आहे. तिथून पुढं जायला भरपूर जागा आहे. पण पुढं जाणं म्हणजे गोळीच्या जागी यान आणून बसवणं, असा समज करून घेतला गेला.

परदेशी कथांनाही सरसकट झोडपायचं नाही. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या नव्या मालिकेत, २००५ च्या एका भागात, जहाजावरचा मुख्य मेकॅनिक स्वतःच्या हट्टानं एक नवं हलकं लढाऊ यान बांधायला घेतो. पत्रा शिल्लक नाही, म्हणून शेवटी कवच कार्बनच्या मिश्र पदार्थाचं करतात. आधी कुचेष्टा करणारे एकेक करून मदतीला येतात. यान हलकं झालं ते टंचाईमुळं आणि अनेकांच्या हातांनी, हे त्या भागानं सरळ दाखवलं. २००७ च्या दुसऱ्या एका भागात तर इंधन शुद्ध करणाऱ्या जहाजावरचे कामगार संप करतात: तीच ती माणसं, तीच ती पाळी, बदली कामगार नाही, पोरंही कामाला लावलेली, आणि वर लढाऊ यानांना इंधन हवंच आहे. त्या मालिकेत उणिवा आहेत, संपाचा शेवट मला पटलेला नाही, सेनापतीनं बंदुकीचा धाक दाखवायचा आणि मग राष्ट्राध्यक्षांनी समजूतदारपणे ऐकून घ्यायचं, हे फारच सोयीचं. पण प्रश्न विचारला गेला. अमेरिकन दूरचित्रवाणीला जे सुचलं ते ज्या गावानं असे संप पाहिले तिथल्या लेखकाला सुचू नये?

कारण आमच्याकडे त्या गोष्टीचा शेवट सोयीचा झाला नव्हता. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींत यंत्रं आणायची ठरली तेव्हा शंकर गुहा नियोगींच्या संघटनेनं विरोध केला, पण नुसता नकार दिला नाही. काम थोडं यंत्रानं, थोडं हातानं अशी अर्धयांत्रिक पद्धत मांडली, म्हणजे उत्पादनही व्हावं आणि माणसंही राहावीत. त्याच खाणकामगारांनी स्वतःचं शहीद हॉस्पिटल उभं केलं. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींना इथं, भिलाईत, झोपेत गोळी घातली गेली. १ जुलै १९९२ ला पॉवरहाऊस स्टेशनजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पंधराहून अधिक माणसं गेली. रूळ बनवणाऱ्या गावातच. यंत्र आलं की कोणाचं ओझं हलकं होतं आणि कोण स्वतःच हलका ठरून बाहेर पडतो, हा प्रश्न विज्ञानकथेचा नसेल तर विज्ञानकथेचा प्रश्न कोणता, ते मला कोणी सांगावं. अंतराळात खाणी निघतील तेव्हा तो पहिल्याच दिवशी उभा राहणार आहे.

लिहा ना अंतराळयुद्ध. लघुग्रहाच्या पट्ट्यात एखादी दल्ली-राजहरा वसवा. तिथं एक लहान यान असू द्या, हलकं, कुठल्या तरी घाईत बांधलेलं, चिलखत काढून टाकलेलं. ते परत आलं की त्याची तपासणी करणारी बाई असू द्या; तिसऱ्या पाळीची, डोळ्यांत झोप असलेली, छत्तीसगढी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारी, जशा आमच्या सेक्टरांत बोलतात. कोणता सांधा सैल आहे तिला माहीत आहे. सही केली नाही तर सकाळचं उड्डाण रद्द होणार, केली तर एक पोरगा त्यात बसणार. वर लढाई चालू आहे आणि तिचा आवाज तिच्यापर्यंत येत नाही, अंतराळात तो येणारही नाही. नोंदवही तिच्यासमोर उघडी आहे.